कांगारूची पिशवी भारी का कमळपक्ष्याचा पंख?

माळावरचा
रविवारी पोराला घेऊन सोलापूरजवळच्या हिप्परगा तलावावर गेलतो, तुळजापूर रोडच्या बाजूनं. तलावाच्या कडेला पाणवनस्पती चांगल्याच माजल्यात आणि त्यावर एक कमळपक्षी हिंडत होता. तोच तो, मान काळी, पंख तपकिरी, डोळ्यावरनं पांढरी पट्टी गेलेली आणि पायाची बोटं इतकी लांब की पानावरनं चालला तरी पान बुडत नाही. पण ह्या गड्याच्या पोटाच्या दोन्ही अंगाला जादा पाय लोंबत होते! आधी वाटलं गवत अडकलंय. दुर्बिणीतनं नीट बघितलं तर पायच, बोटांसकट, आणि हलतायत. थोडं पुढं जाऊन तो खाली बसला, पंख सैल सोडले आणि आतनं तीन पिल्लं पानावर उतरून टकाटक किडे टिपायला लागली. पोरगं लगेच म्हणतंय, पप्पा हा कांगारू पक्षी आहे.

घरी येऊन वाचत बसलो तर कळलं की पंखात पिल्लं घेऊन फिरणारा तो बाप असतो. कमळपक्ष्यात मादी अंगानं मोठी, ती एकाहून जास्त नर ठेवते, एकाच्या घरट्यात चार अंडी टाकली की दुसरीकडं. अंडी उबवायची, पिल्लं सांभाळायची, उन्हात सावली करायची, सगळं नराकडं. मादी हद्द राखते आणि दुसऱ्या माद्यांना हाकलते. तर माझं म्हणणं असं की कांगारूची पिशवी उगाच फेमस झालीय, खरं कौतुक ह्या बापाचं व्हायला पाहिजे. कांगारूला पिशवी आयती मिळालीय, ह्याला पंख चिकटवून चालावं लागतं. बोला.

कडकभाकरी
बे माळावरच्या, पंख पण आयताच मिळालाय की त्याला. त्यानं काय दुकानातनं आणला?

बाकी कांगारूचं पिल्लू पिशवीतच जन्मतं ना? म्हणजे तिला तर काहीच कष्ट नाहीत.

शाळामास्तर
नाही वो. वर्गात दरवर्षी हाच प्रश्न येतो. पिशवीचा आणि गर्भाशयाचा आतनं काही संबंध नाही, पिशवी ही पोटावरची कातड्याची घडी आहे. पिल्लू इतर सस्तन प्राण्यांसारखंच खालून जन्मतं आणि तिथनं पिशवीपर्यंत त्याला चढून जावं लागतं.

आता हे चढणं काय प्रकार आहे ते ऐका. लाल कांगारूचा गर्भकाळ ३३ दिवसांचा. एवढं माणसाएवढं जनावर, नर तर ८५ किलोपर्यंत भरतो, आणि जन्मणारं पिल्लू एक ग्रॅमच्या आत. हातावर शेंगदाण्याचा एक दाणा घ्या, तेवढं वजन. डोळे मिटलेले, अंगावर केस नाही, कातडी इतकी पातळ की आतल्या शिरा दिसतात, मागचे पाय म्हणजे नुसते कोंब. पण पुढचे दोन हात मात्र तयार, त्याला नखं सुद्धा. आई शेपूट पुढं घेऊन टेकून बसते आणि हे लाल मांसाचं तुकडं एक हात टाक, दुसरा हात टाक असं करत केसातनं वर सरकत जातं. ३ ते ५ मिनिटांत पिशवीत. आई उचलून ठेवत नाही. वाटेत पडलं तर संपलं.

आत गेल्यावर चार आचळं असतात, त्यातलं एक तोंडात धरतं आणि त्या आचळाचं टोक तोंडात फुगतं, त्यामुळं ते सुटत नाही. पुढचे दोनेक महिने ते तसंच लटकलेलं असतं. मग हळूहळू कान, डोळे, केस, मागचे पाय. साधारण साडेसात-आठ महिन्यांनी लाल कांगारूचं पिल्लू पिशवी कायमची सोडतं, पण त्यानंतर सुद्धा वर्षाचं होईपर्यंत बाहेर उभं राहून डोकं आत घालून दूध पितच असतं. म्हणून कांगारूचं खरं बाळंतपण पिशवीत होतं असं मी पोरांना सांगतो. ३३ दिवसांचं नुसतं दार उघडणं आहे.

आणि आयतं कशाला म्हणता? पिशवी आई डोकं आत घालून चाटून साफ करते. पिल्लाची घाण कुठं जाणार, तीच गिळते.

कडकभाकरी
मास्तर जेवण चाललंय वो 😖 शेंगाचटणी ताटात आहे नेमकी.

विजापूररोड
मला ही तुलनाच पटत नाही. एकीकडं अर्धवट पिल्लू आहे आणि दुसरीकडं अंड्यातनं पूर्ण तयार होऊन आलेलं. कमळपक्ष्याचं पिल्लू बाहेर आलं की थोड्या वेळात चालतं, स्वतःचं स्वतः खातं, बाप त्याला घास भरवत नाही. धोका दिसला तर पाण्यात बुडी मारून चोचीचं टोक तेवढं वर ठेवून बसतं. म्हणजे बापाकडं काम काय उरलं तर ऊब, सावली आणि उचलून न्यायचं. कांगारूच्या पिशवीत त्या पिल्लाचं शरीर बनतंय. दोन्हीकडं पिल्लू आत आहे आणि पाय बाहेर दिसतायत एवढ्यावरनं तुलना करायची म्हणजे टेम्पो आणि रिक्षा दोन्हीला चाकं आहेत म्हणून सारखे.

माळावरचा
पण साडेतीन-चार आठवडे एकट्यानं अंडी उबवणं हे काम नाही का? ते पण आपल्याकडच्या पावसात, घरटं म्हणजे पाण्यावर टाकलेला काडीकचरा, पाणी वाढलं की गेलं. मध्येच उठून खायला जायचं, परत यायचं, घारीकावळ्याकडं लक्ष ठेवायचं. आणि पंखाचं पण सांगतो, हे नुसतं काखेत धरणं नाही. कमळपक्ष्यांच्या काही जातींत पंखातलं पुढचं हाड रुंद आणि चपटं झालेलं असतं आणि पिल्लं आवळून धरायला त्याचा उपयोग होत असावा असं मानतात. म्हणजे शरीरात बदल इथंही झालाय.

माढ्याचा_शेतकरी
मी पक्ष्यातला माणूस नाही पण मास्तरांचं वाचून एक विचारायचंय. कांगारू एवढं अर्धवट पिल्लू का काढते? पूर्ण वाढवून का जन्माला घालत नाही? आमच्या म्हशीला दहा महिने लागतात पण रेडकू उभं राहतंय तासाभरात.

शाळामास्तर
अण्णा, लाखातला प्रश्न विचारला. ह्याचं एकच उत्तर कुणाकडं नाही, धानीप्राण्यांची, म्हणजे कांगारूसारख्या पिशवीवाल्या प्राण्यांची, वाटच कोट्यवधी वर्षांपूर्वी वेगळी झाली. पण त्याचा फायदा कसा होतो ते सांगता येतं आणि ते तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त कळेल.

ऑस्ट्रेलियाच्या आतल्या भागात पावसाचा भरवसा नाही. आपल्याकडं निदान जूनमध्ये आभाळाकडं बघायचं हे तरी ठरलेलं आहे, तिकडं एखाद्या वर्षी पूर आणि मग दोन-तीन वर्ष ठणठणाट. अशा मुलखात म्हशीसारखं दहा महिने पोटात वाढवलं आणि सातव्या महिन्यात गवत संपलं तर? आई आणि पिल्लू दोन्ही अडकले. कांगारूचं तसं होत नाही. दुष्काळात दूध आटलं तर पिशवीतलं पिल्लू मरतं, आई जगते, आणि तिचं त्यात फार काही गेलेलं नसतं कारण गुंतवणूकच थोडी थोडी केलेली असते.

पुढची गंमत अजून भारी. पिल्लू जन्मल्यावर एक-दोन दिवसांत लाल कांगारूची मादी परत नराकडं जाते, गर्भ राहतो, पण तो ८०-१०० पेशींचा झाला की थांबतो. पिशवीतलं पिल्लू दूध ओढतंय तोवर तो पुढं वाढतच नाही. पिशवीतलं बाहेर निघायच्या बेताला आलं किंवा मेलं, की थांबलेला गर्भ पुन्हा चालू. म्हणजे चांगल्या वर्षात एका मादीकडं एकाच वेळी तीन असतात, एक बाहेर उड्या मारणारं, एक पिशवीत लटकलेलं आणि एक पोटात थांबलेलं. बाहेरचं त्याच्या जुन्या लांब आचळाला पितं आणि आतलं स्वतःच्या बारक्या आचळाला. आणि दोन्ही आचळांतलं दूध वेगळं! बारक्याला पातळ आणि मोठ्याला स्निग्धांश जास्त असलेलं, एकाच अंगातनं एकाच वेळी.

दुष्काळ फारच लांबला तर मादी माजावर यायचीच थांबते. पाऊस झाला की परत सुरू.

माढ्याचा_शेतकरी
हे तर आमचंच झालं की. बी सगळं एकदम टाकायचं नाही, थोडं मागं ठेवायचं, दुबार पेरणी आली तर हाताशी असावं. ७२ चा दुष्काळ बघितलेल्या माणसाला कांगारू लगेच कळंल. आमचे वडील म्हणायचे, दावणीला दोन आहेत तोवर तिसऱ्याचा विचार करू नका. कांगारूनं विचार करून ठेवलाय, फक्त अंमल थांबवलाय 😄

मग तुमचा कमळपक्षी पावसाळ्यातलाच म्हणायचा का वो माळावरचे?

माळावरचा
होय अण्णा, पक्का मान्सूनचा गडी. आपल्याकडं जून ते सप्टेंबर हाच वीणीचा मुख्य हंगाम. पाणी भरलं, पानं पसरली, किडे झाले, की अंडी. एका नराचं घरटं बुडालं तर मादी दुसऱ्या नराला किंवा त्यालाच परत चार अंडी घालून देते, तिला अंडी घालणं जमतं कारण बाकीचं सगळं काम तिनं अंगावरनं उतरवलेलं आहे. आता असं वाटायला लागलंय की कांगारूच्या मादीनं पिल्लं वेळेत वाटली आणि कमळपक्ष्याच्या मादीनं ती नवऱ्यांत वाटली. पिल्लू बुडायची भीती दोघींना सारखीच.

कडकभाकरी
नवऱ्यांत वाटली 😂😂 हे घरी वाचून दाखवलं, बायको म्हणतेय पुढच्या जन्मी कमळपक्षीण.

पाणकावळा
तुम्ही लोक उजनी विसरलात राव. पाणपक्षी आणि कांगारूची तुलना करायची तर रोहित घ्या, फ्लेमिंगो. कारण दूध! रोहित पक्ष्याचे आईबाप दोघं पिल्लाला दूध पाजतात. सस्तन प्राण्याचं नव्हे, अन्ननलिकेच्या वरच्या भागात तयार होतं आणि चोचीतनं पिल्लाच्या चोचीत थेंब थेंब सोडतात. रंग लालभडक. पहिल्यांदा व्हिडिओ बघितला तेव्हा वाटलं रक्त पाजतायत. भरपूर प्रोटीन, भरपूर चरबी. आणि त्याच्यामागं प्रोलॅक्टिन हेच हार्मोन आहे जे आपल्याकडं आईच्या दुधामागं असतं. पाजून पाजून आईबापांचा गुलाबी रंग उतरतो, पांढरेफटक पडतात, कारण रंगद्रव्य दुधातनं जातं.

का पाजावं लागतं, तर जन्मतः पिल्लाची चोच सरळ असते. रोहित खातो कसा, मान खाली घालून चोच उलटी पाण्यात धरायची आणि जिभेनं पाणी आत-बाहेर करत गाळायचं. ती वाकडी चोच आणि आतली गाळणी तयार व्हायला काही आठवडे जातात, तोवर पिल्लाला खाताच येत नाही. म्हणजे विजापूररोडनी जो मुद्दा काढला, की अर्धवट पिल्लाला दूध लागतं, तो इथं बरोबर लागू होतो. एका वेळी अंडं पण एकच.

विजापूररोड
हा मुद्दा मान्य. ही तुलना टिकते. मग धाग्याचं नाव बदला.

माळावरचा
नाव बदलणार नाही 😄 रोहित उजनीला पाहुणा आहे, हिवाळ्यात खातो-पितो आणि जातो. घरटी कच्छच्या रणात, चिखलाचे उंचवटे करून. उजनीच्या काठावर पिल्लाला दूध पाजताना कुणी बघितलंय का? माझा कमळपक्षी इथला आहे, इथंच पोरं वाढवतो. आणि दूधच पाहिजे तर लांब कशाला जाता, खिडकीतलं कबूतर पण पिल्लाला दूध पाजतंय, त्याला मात्र सगळे हाकलतात.

अक्कलकोटकर
मी व्हॉट्सॲपवर वाचलं की संकट आलं की कांगारू पिल्लू फेकून देते शत्रूपुढं. मग कसली आई ती? खरंय का हे मास्तर?

शाळामास्तर
फेकत नाही. पिशवीच्या तोंडाला स्नायू असतो, तिला ते आवळता आणि सैल करता येतं. जीव खाऊन पळताना तो सैल पडतो आणि मोठं झालेलं जड पिल्लू बाहेर पडतं. शत्रू पिल्लाकडं वळला तर आई वाचते. क्वोका नावाच्या छोट्या जातीबद्दल हे फार पसरलंय, त्यातनं तो फेकण्याचा मेसेज झाला. आपल्याला क्रूर वाटतं, पण पोटात दुसरं थांबलेलं आहे हे लक्षात घ्या.

आणि माळावरचे, तुमच्या गरीब बापाच्या संसारात पण काळी बाजू आहे बरं का. पनामात अमेरिकन जातीच्या कमळपक्ष्यांचा अभ्यास झाला, त्यात नवीन मादी हद्द बळकावते तेव्हा आधीच्या मादीची पिल्लं मारते असं दिसलं, म्हणजे नर मोकळा होऊन तिच्या अंड्यांवर बसेल. डीएनए तपासल्यावर हेही कळलं की नर जी पिल्लं पंखात घेऊन फिरतो त्यातली काही शेजारच्या नराची असतात.

कडकभाकरी
अरारारा. सिरीयल आहे ही.

वॉर्डातली_ताई
धागा आत्ता वाचला, नाईट ड्युटी होती. मी नवजात बाळांच्या विभागात काम करते, हॉस्पिटलचं नाव नको. आमच्याकडं रोज कांगारू असतो. कांगारू मदर केअर म्हणतात, कमी वजनाचं बाळ आईच्या छातीवर उघड्या अंगानं उभं झोपवायचं, डोक्याला टोपी, खाली लंगोट, बाकी कातडीला कातडी, आणि वरनं कापडानं घट्ट बांधायचं. बेडकासारखे पाय दोन्हीकडं. सुरुवात १९७८ ला कोलंबियात बोगोटाच्या हॉस्पिटलात झाली, डॉ. एडगर रे यांनी केली, कारण काचेच्या पेट्या कमी आणि बाळं जास्त. २०२१ ला मोठा अभ्यास आला, दिल्लीचं हॉस्पिटल पण त्यात होतं. बाळ स्थिर व्हायची वाट न बघता जन्मल्यावर लगेच असं ठेवलं तर मृत्यू साधारण पाव हिश्श्यानं कमी झाले. आता जागतिक आरोग्य संघटना सांगते की दिवसातले ८ ते २४ तास ठेवा, जितकं जमेल तितकं.

पण मी लिहायला बसले ते ह्यासाठी की माळावरचे दादा म्हणतात तो बाप. आई सिझेरियनची असेल, किंवा आयसीयूत असेल, तर आम्ही वडलांना बसवतो. एक माणूस होता, पॉवरलूमवर काम करणारा, हात राकट, बाळ चौदाशे ग्रॅमचं. त्याची आई दारात उभं राहून ओरडतेय, बाप्या माणसानं काय लेकरू उरावर घ्यायचं, लोकं काय म्हणतील. तो शर्ट काढून खुर्चीत बसला तो उठेचना. शिंक आली तर दाबून धरायचा. मॉनिटरवर बाळाचा श्वास हळूहळू एकसारखा पडायला लागला ते मी त्याला दाखवलं, म्हटलं बघा हे तुमच्यामुळं. त्यावर तो मला म्हणतो, सिस्टर, मला पाणी पाजा की, हात सोडता येत नाहीत.

तर पिशवी नाही, पंख नाही, तरी जमतं असं आमच्याकडचं आहे. बाळ मोठं होऊन घरी गेलं.

माळावरचा
ताई 🙏 हे घरी सगळ्यांना वाचून दाखवणार.

माढ्याचा_शेतकरी
ताई, पेटी शिल्लक असली तरी उरावरच ठेवायचं का? सुनेचं बाळंतपण आहे पुढच्या महिन्यात, म्हणून विचारतो.

वॉर्डातली_ताई
बाळ पूर्ण दिवसांचं आणि वजन बरं असलं तरी जन्मल्यावर लगेच आईच्या अंगावर ठेवणं चांगलंच, ऊब मिळते आणि अंगावर प्यायला लवकर लागतं. कमी वजनाचं किंवा आधी झालेलं असेल तर पेटीबरोबर हे पण करायचं, पण तिथले डॉक्टर सांगतील तसं. आतापासूनच त्यांना विचारून ठेवा काका, ऐनवेळी नको. आणि मुलाला पण सांगून ठेवा.

पाणकावळा
ह्या धाग्यावर एक नमुना राहून गेला. धानीप्राणी आणि पाणी दोन्ही एकत्र असलेला. मध्य आणि दक्षिण अमेरिकेत यापोक म्हणून पाण्यात पोहणारा ओपॉसम आहे, मागच्या पायाच्या बोटांत बदकासारखा पडदा. तो मासे पकडायला बुडी मारतो तेव्हा मादी पिशवीचं तोंड आवळून बंद करते, पाणी आत जात नाही, पिल्लं आत कोरडी. आणि नराला सुद्धा पिशवी असते! त्यात तो पोहताना स्वतःचा नाजूक ऐवज सांभाळून ठेवतो.

कडकभाकरी
शेवटची ओळ वाचून जीव सुखावला. सोलापूरच्या उन्हात स्कूटरवर बसणाऱ्यांसाठी पण काढा बे अशी काहीतरी सोय.

अक्कलकोटकर
भारतात जंगलात धानीप्राणी एकपण नाही का?

शाळामास्तर
नाही. ऑस्ट्रेलिया, न्यू गिनी आणि आसपासची बेटं, आणि अमेरिका खंड. आपल्याकडं दिसला तर तो कुणीतरी आणलेला. २०२२ ला पश्चिम बंगालमध्ये सिलिगुडीच्या भागात रस्त्याकडेला खरंच कांगारू सापडले होते, तस्करीतले. अंगावर जखमा होत्या, वनखात्यानं नेले.

विजापूररोड
मी अजूनही म्हणतो कमळपक्षी आणि कांगारू ही जोडी चुकीची आहे, रोहित आणि कांगारू बरोबर. पण कमळपक्ष्याचे ते लोंबणारे पाय बघायचेत मला. संभाजी तलाव माझ्या घरापासून जवळ आहे, तिथं दिसतील का हिप्परग्यालाच यायचं?

माळावरचा
मी हिप्परग्याचंच सांगू शकतो. सकाळी लवकर या, ऊन वर चढलं की बाप पिल्लांना घेऊन पानांच्या आड बसतो. काठावरनंच बघा, पाण्यात उतरू नका, दगड मारून उडवणाऱ्या पोरांना दटावा. मोठी दणकट मादी दुसऱ्या मादीमागं पळताना दिसली तर जवळपास कुठंतरी नर अंड्यावर किंवा पिल्लांपाशी असायची शक्यता धरा आणि दुर्बीण तिकडं फिरवा. नुसत्या डोळ्यांनी सापडायचा नाही. दुर्बीण नसेल तर माझी घ्या, पण परत द्यायची, मागच्या वेळी एकानं नेली ती अजून आणतोय.

कडकभाकरी
ती मीच नेली बे. रविवारी आणतो.